मदत हवी आहे: घरी जोडलेला पीसी चालू होत नाही

मंडळी, बटण दाबलं की सीपीयूचा (प्रोसेसरचा) पंखा जेमतेम अर्धा फेरा घेतो आणि गप्प. मदरबोर्डवरचा स्टँडबायचा (वीज पोचतेय हे दाखवणारा) दिवा मात्र लागलेला असतो. पॉवर स्विचच्या पिना स्क्रूड्रायव्हरने टेकवल्या तरी तेच, म्हणजे बटण निर्दोष. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) सुटा काढून, बोर्डाशिवाय चालू करायला हिरवी वायर काळीला जोडली तर त्याचा पंखा मस्त फिरतो. पण लोड (वीज खेचणारं काही जोडलेलं) नसताना फिरला म्हणून तो ठणठणीत, असं मी धरत नाही. बोर्ड कॅबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर ठेवून, एकाच रॅमवर पाहिलं. फरक नाही.

गंमत म्हणजे प्रोसेसरची ८ पिनांची केबल काढली की पंखे फिरत राहतात! मग शॉर्ट प्रोसेसरच्या बाजूला आहे, की एसएमपीएसच लोड घेत नाहीये? मल्टिमीटर आहे, नेमकं कुठे मोजू? दुकानदार सरळ नवा बोर्ड घ्या म्हणतोय.