खोट्या लग्नाची गोष्ट १९१२ च्या बडोद्यात खपेल का?

दांडियाबाजारकर
आपल्या वाचनगटात सध्या जी लघुकादंबरी फिरतेय तिच्याबद्दल बोलायचंय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९१२ चं बडोदं, साताऱ्याकडची एक तरुण विधवा मुलींच्या शाळेत शिकवायला येते, नायक सेंट्रल लायब्ररीत अमेरिकन ग्रंथपाल बोर्डनसाहेबाच्या हाताखाली कारकून, दोघांनाही एकट्याला कोणी खोली देईना म्हणून रावपुऱ्यातल्या वाड्यात नवरा-बायको म्हणून राहतात आणि पुढे व्हायचं ते होतं. भाषा छानच आहे, पण मला मुळातच पटलं नाही. अहो वाडा आहे तो, लॉज नाही! पहिल्याच दिवशी मालकीणबाई गाव, गोत्र, माहेर सगळं विचारून घेणार आणि संध्याकाळपर्यंत कोणाचा तरी मावसभाऊ त्याच गावचा निघणार. आणि महिन्याचे चार दिवस? बाई बाहेर बसली की चूल कोण पेटवतं, तिचं अंथरूण कुठे पडतं हे अख्ख्या वाड्याला दिसायचं. वर्ष झालं की "काही विशेष?" सुरू. यातलं एक अक्षर नाही. इंग्रजी रीजन्सी रोमान्सचा, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या उमरावांच्या प्रेमकथांचा, प्लॉट उचलला, लॉर्डाला पागोटं घातलं, झालं काम.

तर्री_जास्त
तुम्ही हळदीकुंकवाचं प्रकरण वाचलंत की उडवलंत? सगळ्या बायका नाव घ्यायचा आग्रह करतात आणि ही एका दमात उखाणा म्हणून मोकळी होते, सगळ्या खूश. मग रात्री कळतं की तो उखाणा मेलेल्या नवऱ्यासाठी पाठ केलेला होता, हिनं फक्त नाव बदललं. मी तिथे पुस्तक खाली ठेवलं आणि चहा करायला उठले. त्या एका जागेसाठी तुमचं गोत्र-बित्र सगळं माफ.

निवृत्त_वकील_कारेलीबाग
प्लॉट उचलला म्हणता, पण तो तिकडे का चालतो ते बघा. इंग्लंडात १७५३ चा हार्डविकचा कायदा आला, चर्चमध्ये आधी जाहीर करा नाहीतर लायसन आणा, त्याशिवाय लग्न नाही. स्कॉटलंडला तो लागू नव्हता, म्हणून पोरंपोरी पळून ग्रेटना ग्रीनला जायची. तिथे दोघांनी साक्षीदारांसमोर "आम्ही नवरा-बायको" म्हटलं की लग्न लागायचं, अगदी १९४० पर्यंत. नुसतं चारचौघांत तसं राहिलं तरी कोर्ट लग्न धरू शकायचं. म्हणजे नाटक करता करता माणूस कायद्यानं खरोखर अडकतो, आणि इंग्लंडात १८५७ पर्यंत पूर्ण घटस्फोट हवा तर पार्लमेंटात स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे, तो कोणाला परवडणार? तिकडच्या गोष्टीतली भीती ही आहे. आपल्याकडे उलट. या दोघांची सप्तपदी झाली नाही म्हणजे लग्नच नाही, कधीही उठून जा. म्हणून गोष्ट इथे आणली की ताण जातो, हा माझा आक्षेप आहे. वाडा-बिडा नंतर.

तर्री_जास्त
वकीलसाहेब, उठून जा म्हणजे कोणी? तो उठला तर दुसऱ्या दिवशी कुठेतरी स्थळ बघून येईल. ती उठली तर नोकरी गेली आणि गावी परत जायचं ते कुठल्या तोंडानं? ताण जात नाही, फक्त एकटीवर येतो.

दांडियाबाजारकर
मग खरंच लग्न करायचं ना! ब्रिटिश मुलखात १८५६ पासून विधवाविवाहाचा कायदा होता, सयाजीराव महाराजांनी इथेही केला होता. बालविवाहाविरुद्ध १९०४ लाच कायदा. पुढे १९३१ ला हिंदूंना घटस्फोटाचा कायदासुद्धा बडोद्यानं दिला, बाकी देश तेव्हा कुठे होता. अशा राज्यात खोटं कशाला बोलायचं?

मांडवीखालचा
काका, कायदा महाराजांचा, खोली मालकीणबाईंची 😄

सासर_बडोदं
माझं मत जरा वेगळं आहे. दांडियाबाजारकर म्हणतात बायका ओळखतील, तर ओळखतीलच की, त्यात प्रश्नच नाही. पण ओळखलं म्हणजे बोलतीलच असं का? सासूबाई सांगायच्या, त्यांच्या लहानपणी वाड्यात मागच्या खोलीत एक जोडपं होतं, त्यांच्या लग्नाला गेलेलं कोणी भेटलं नाही कधी. पण ती बाई सगळ्यांची पत्रं लिहून द्यायची, वाचून दाखवायची, आणि कोणाच्या पत्रात काय आहे हे तिच्या पोटातून कधी बाहेर आलं नाही. आता तिला कोण विचारणार तुझं लग्न कुठे झालं म्हणून? वटपौर्णिमेला तिला हाक मारल्याशिवाय कोणी वडाला जायचं नाही म्हणे. कादंबरीतली ही तर मास्तरीणच आहे.

दांडियाबाजारकर
हे पुस्तकात असतं तर मी धागाच काढला नसता! पण पुस्तकात मालकीणबाई भोळी दाखवलीये, शेवटच्या प्रकरणापर्यंत तिला पत्ता नाही. तिथेच तर सगळं खोटं वाटायला लागतं. तिला पहिल्या आठवड्यात कळू द्या आणि तरी महिन्याच्या महिन्याला भाडं मोजून घेऊ द्या, मग बघा.

निवृत्त_वकील_कारेलीबाग
भाडंही वाढवेल ती.

तर्री_जास्त
वाढवू दे, पण उखाण्याचं प्रकरण काढायचं नाही.