दम्याचा रोजचा पंप आई घेत नाही, तिला कसे समजवावे?

सर्वांना नमस्कार. माझी आई वाळवा तालुक्यातील आमच्या गावी राहते आणि मी नोकरीनिमित्त सांगलीत असतो. तिला दमा आहे. ऊसतोडणीनंतर शिवारात पाचट पेटू लागले की तो हमखास बळावतो. डॉक्टरांनी दोन पंप दिले आहेत: धाप लागल्यास साल्ब्युटामॉलचा निळा, आणि त्रास असो वा नसो, सकाळ-संध्याकाळ घ्यायचा ब्युडेसोनाइडचा.

निळ्या पंपाने काही मिनिटांत छाती मोकळी होते, म्हणून तिच्या लेखी तेच खरे औषध. दुसऱ्याने लगेच काहीच जाणवत नाही, म्हणून तो 'नुसता वारा'. निळा पंप आवळलेल्या श्वासनलिका चार ते सहा तास सैल करतो, आतली सूज मात्र दुसराच उतरवतो आणि त्याचा पुरता गुण यायला काही आठवडे जातात, हे सांगितले की ती 'बरं' म्हणते आणि पंप फळीवर ठेवून देते. त्यात शेजारच्या काकूंनी पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी, असे भरवून दिले आहे. वास्तविक साल्ब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते, तर पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मोठ्या गोळीच्या चाळिसाव्या हिश्श्याइतकेच औषध असते. पण काकूंपुढे माझा हिशेब टिकत नाही.

घेण्याची पद्धतही चुकते. ती आधी पंप दाबते आणि मग श्वास ओढते, त्यामुळे पांढरा फवारा ओठांतूनच बाहेर पडतो. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडून फवारा सावकाश ओढता येईल अशी पोकळ नळी, आहे, पण पाहुण्यांसमोर तो तोंडाला लावायला ती लाजते. पंपानंतर चूळ भरत नसल्याने मध्यंतरी जिभेवर बुरशीचे पांढरे चट्टे आले आणि त्याचे खापर अर्थातच पंपावर फुटले.

आपल्यापैकी कोणी घरच्या वडीलधाऱ्यांना रोजच्या पंपाची सवय लावली असल्यास नेमके काय उपयोगी पडले, ते कृपया सांगावे. दात घासण्याआधी पंप घ्यायचा, म्हणजे चूळही आपोआप भरली जाईल, असे मला सुचते आहे. पीक फ्लो मीटरवरचे (जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजायच्या साधनावरचे) आकडे रोज वहीत लिहून दाखवल्यास पटते का? तसेच, केवळ निळ्या पंपावर राहू नये असे दम्यावरील 'जीना' (ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा) या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०१९ पासून सांगतात, आणि ब्युडेसोनाइड व श्वासनलिका सैल करणारे फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप रोजच्यासाठी आणि धाप लागल्यावरही वापरता येतो, असे वाचले. तो आईला चालेल का हे डॉक्टरांनाच विचारणार आहे. मात्र दोनाऐवजी एकच पंप हाती आल्यावर घरच्यांचा गोंधळ कमी झाला का, हा अनुभव हवा आहे.