गुडघे आणि टाचेमागची शीर: दुखण्याची गोळी रोज चालू ठेवावी का?

नीलमोहर
आईचं वय ६२, वजन ७४ किलो. दोन्ही गुडघ्यांची झीज आहे. शिवाय उजव्या टाचेच्या तीन बोटं वर, मागच्या जाड शिरेवर म्हणजे अकिलिस टेंडनवर, सहा महिने दुखतंय. दाबलं की कळ येते, गाठीसारखी जाडी हाताला लागते. ॲसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ अशी एकत्र गोळी दिवसातून दोनदा, चार महिने सुरू आहे. बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) दीड वर्षापूर्वी केलं होतं. ओळखीतल्या एकांनी 'पोटाला त्रास नाही' म्हणून एटोरिकॉक्सिब ९० रोज एक सुचवली आहे. बदलावी का? सोबत पँटोप्राझोल दिलं की पुरे का?

सह्यकडा
पोटाचं नंतर बघू, आधी किडनी. आईंची औषधांची जुळणी नेमकी तीच आहे, जिची डॉक्टरांना धास्ती असते. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी नळी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनामुळे उघडी राहते, ती ॲसिक्लोफेनॅकमुळे आवळते. रक्त बाहेर नेणारी नळी टेल्मिसार्टन सैल करतं. पाणी कमी करायला हायड्रोक्लोरोथायझाइड आहेच. तिन्ही मिळून गाळणीतला दाब पडतो. एरवी कळत नाही, पण दोन दिवस जुलाब झाले किंवा ऐन मे महिन्यात पाणी कमी पडलं की क्रिएटिनिन झपाट्याने चढतं.

म्हणून याच आठवड्यात क्रिएटिनिन व ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा), सोडियम-पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन करून घ्या. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ बीपी लिहा. ॲसिक्लोफेनॅक बीपी वाढवते आणि टेल्मिसार्टनचा जोर कमी करते. मग कारण न शोधता बीपीच्याच गोळीचा डोस वाढवला जातो. बीपीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

एटोरिकॉक्सिब ९० हा आमवाताचा डोस. झिजेच्या गुडघ्याला ३०, फार तर ६०. पोटाला ती सौम्य आहे हे खरं, पण किडनीला अजिबात नाही. बीपी सतत १४०/९० च्या वर असेल, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर ती द्यायचीच नाही. याच कुळातलं रोफेकॉक्सिब २००४ मध्ये हृदयविकाराच्या धोक्यामुळे बाजारातून मागे घ्यावं लागलं.

पँटोप्राझोल ४० नाश्त्याआधी अर्धा तास घ्यावं. ते जठर सांभाळतं, किडनी आणि हृदय नाही. 'भरल्या पोटी घेतली की अल्सर होत नाही' हाही गैरसमज, कारण अस्तराचं नुकसान रक्तात गेलेल्या औषधानेही होतं. डांबरासारखी काळी शी, लघवी कमी, पायावर सूज, यातलं काही दिसलं तर गोळी त्याच दिवशी थांबवून दवाखाना गाठा.

कडुलिंब
गुडघ्याला गोळीआधी जेल. सांधा कातडीच्या जवळ आहे आणि रक्तात जाणारं औषध तोंडी डोसच्या साधारण ६ टक्केच. मात्र बहुतेक जण वाटाण्याएवढं लावतात आणि 'जेलने काही होत नाही' म्हणतात. १ टक्का डायक्लोफेनॅक जेल एका गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम लागतं, दिवसातून तीन-चारदा. मोजायची सोपी खूण: ३० ग्रॅमची ट्यूब सात-आठ वेळांत संपली पाहिजे. दोन्ही गुडघ्यांना खर्च झेपत नसेल तर जास्त दुखणाऱ्याला पूर्ण मात्रा द्या, दोन्हीकडे अर्धवट नको. निदान दोन आठवडे लावून मग ठरवा. वर गरम शेक नाही, घट्ट पट्टी नाही, हात धुवायचे.

स्ट्रिपवरची बारीक अक्षरंही वाचा. अंगदुखीसाठी घरात असलेल्या गोळीत बहुधा आयब्युप्रोफेन असतं, म्हणजे ॲसिक्लोफेनॅकच्याच जातीचं दुसरं औषध एकत्र. आणि 'जडीबुटीची' म्हणून मिळणारी, दोन दिवसांत चमत्कार दाखवणारी पुडी लांब ठेवा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

पायवाट
टाचेचं वेगळं बोलायला हवं. सहा महिने दुखणाऱ्या टेंडनमध्ये सूज हा मुख्य दोष नसतो. तंतूंची वीण विस्कटून तो जाड झालेला असतो, तीच तुमच्या हाताला लागणारी गाठ. गोळीने कळ दबते, वीण सुधारत नाही. ती सुधारते हळूहळू वाढवलेल्या भाराने.

ओट्याला धरून दोन्ही पायांवर टाचा उचला: ३ सेकंद वर, ३ सेकंद खाली, ८ वेळा, असे ३ फेरे, एक दिवसाआड. जमलं की १५ पर्यंत न्या. मग दोन्ही पायांनी वर जाऊन फक्त दुखऱ्या पायावर खाली या. किमान १२ आठवडे. करताना १० पैकी ४-५ पर्यंत दुखलं तर चालेल. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना: पहिली पावलं नेहमीपेक्षा जड गेली तर फेरे कमी करा. याच कारणासाठी व्यायामाआधी गोळी नको, इशारा कळेनासा होतो. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं की सोडतात, आणि दुखणं परत येतं.

अकिलिसमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका, तुटायचा धोका असतो. दुखणं सुरू होण्याआधी लिव्होफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता का, हेही आठवून डॉक्टरांना सांगा, त्यांनीही टेंडन दुखावू शकतो.

सह्यकडा
एक राहिलं. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकतो का? बोटांचे सांधे सुजतात का? चिकनगुनिया होऊन गेला का? यातलं 'हो' असेल तर नुसती झीज धरून बसू नका, संधिवाततज्ज्ञांना दाखवा.

नीलमोहर
आखडणं दहा मिनिटांत जातं, बोटं ठीक, चिकनगुनिया नाही. उद्या रक्त देतो. रिपोर्ट चांगला आला तर गोळी अधूनमधून चालेल?

सह्यकडा
ईजीएफआर ६० च्या वर आणि बीपी ताब्यात असेल तर गुडघा भडकल्यावर पाच-सात दिवस, तेही डॉक्टरांना विचारून. नॅप्रोक्सेन २५० दोनदा, सोबत पँटोप्राझोल, हे पर्याय म्हणून त्यांच्यापुढे मांडा. सुरू केल्याची आणि थांबवायची तारीख स्ट्रिपवर पेनने लिहा. उलट्या-जुलाब किंवा ताप आला तर मधेच थांबवा. तापात डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. ईजीएफआर ६० च्या खाली आला तर ॲसिक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब, नॅप्रोक्सेन या जातीची कुठलीच गोळी नको. जेलही डॉक्टरांना विचारूनच.