छंद म्हणून गेम बनवताना दर वेळी नवी भाषा शिकावी की एकच धरून बसावं?

खटपट्या

गेल्या आठवड्यात एका मित्राने तोंडावर सांगितलं, तू सारख्या भाषा बदलतोस म्हणून तुझा एकही गेम धड पूर्ण होत नाही, एक धर आणि तीच घोट. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. मला त्याचं पटत नाही. का पटत नाही ते लिहितो, मग तुम्ही काय ते बोला.

मी नोकरी वेगळीच करतो, कोडिंगशी संबंध नाही. गेम फक्त रात्री आणि रविवारी. आणि गेली काही वर्षं मी एकच गेम परत परत बनवतोय, चल्लस आठ. ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी: 5 बाय 5 चा पट, बाहेरच्या फेरीत 16 घरं, आतल्या फेरीत 8 आणि मधोमध एक. चार खेळाडू, प्रत्येकी चार सोंगट्या, आणि फाशाऐवजी चार कवड्या. जेवढ्या उताण्या तेवढं दान, चारही पालथ्या पडल्या तर आठ.

पहिल्यांदा डिप्लोमाला असताना टर्बो सी मध्ये (सी भाषेचं जुनं सॉफ्टवेअर) केला, तीच निळी स्क्रीन, चित्रं काढायला ग्राफिक्स डॉट एच आणि बीजीआयचा पाथ चुकला की येणारा एरर. दान कसं काढायचं? मी 1, 2, 3, 4, 8 यातून रँडम एक आकडा उचलत होतो. खेळायला काहीतरी विचित्र वाटायचं पण काय ते कळत नव्हतं. मग पायथन शिकलो आणि तोच गेम पायगेममध्ये (पायथनमध्ये गेम करायचं साधन) लिहायला घेतला. पायथनमध्ये लिस्ट करणं इतकं सोपं की मी सहज चार कवड्यांची लिस्ट केली, प्रत्येक उताणी की पालथी ते ठरवलं आणि बेरीज घेतली. आणि तिथे माझी ट्यूब पेटली. आधीच्या गेममध्ये आठ पाचात एकदा पडत होते, खऱ्या कवड्यांत ते सोळात एकदा पडायला हवेत (दोन्ही बाजूंची शक्यता सारखी धरली तर), आणि दोन मात्र सोळात सहा वेळा. आठ दुर्मिळ आहेत म्हणून तर ते पडल्यावर घरात आरडाओरडा होतो ना! सी मध्येही हे लिहिता आलं असतं, हो, पण मला सुचलं नव्हतं.

मग जावास्क्रिप्ट, कारण आत्याला फोनवर खेळायचं होतं आणि लिंक पाठवली की काम झालं. माझ्या लॅपटॉपवर सोंगटी छान सरकायची, भावाच्या 120 हर्ट्झच्या (सेकंदाला 120 वेळा चित्र बदलणाऱ्या) फोनवर दुप्पट वेगाने पळायची. दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, ठराविक पिक्सेल सरकवत होतो म्हणून. मधे किती वेळ गेला ते मोजून सरकवायचं असतं हे तिथे शिकलो.

मग लुआ. लुआमध्ये मोजणी 1 पासून. बाकीकडे पटावर फिरायला 16 ने भागून बाकी घेत होतो, इथे आधी एक वजा करा मग परत मिळवा, आणि आतली फेरी तर उलट्या दिशेने जाते. वैतागून मी ते गणितच काढून टाकलं आणि प्रत्येक खेळाडूसाठी 25 घरांची यादी क्रमाने लिहून टाकली. सोंगटी यादीत पुढे सरकते, बस. सगळे जुने बग गेले. ती यादी मी मग जावास्क्रिप्टच्या गेममध्येही नेऊन घातली.

आता सांगा, एकाच भाषेत बसलो असतो तर हे कुठून कळलं असतं?

पिक्सेलवाली

दादा, मनापासून लिहिलंय म्हणून मनापासूनच विरोध करते. तुमचे चारही किस्से खरे आहेत पण त्यातून निघतं ते वेगळंच. तुम्ही तोच गेम चार वेळा लिहिलात म्हणून शिकलात. चारही वेळा पायथनमध्ये लिहिला असतात तरी दुसऱ्या खेपेला कवड्या सुचल्याच असत्या, कारण दुसऱ्यांदा लिहिताना आपण तेवढे शहाणे झालेलो असतो. श्रेय तुम्ही भाषेला देताय.

मी गोडो या गेम इंजिनमध्ये एक छोटा गेम केला, इच.आयओ या छोट्या गेमांच्या साइटवर टाकला, फार लोकांनी खेळला असं नाही पण पूर्ण आहे. गेमचा मुख्य भाग मला दीड महिन्यात जमला. त्यानंतरचे सात महिने कशात गेले माहितीये? पॉज मेन्यू, आवाज कमीजास्त करणं, सेव्ह, मधेच फोन आला तर गेम थांबणं, छोट्या स्क्रीनवर बटणं बाहेर जाणं, अँड्रॉइडचं एक्स्पोर्ट, ती कीस्टोअरची (अॅपवर सही करायच्या किल्लीची) भानगड. हे सगळं कुठल्याच भाषेच्या पुस्तकात नसतं आणि दर वेळी नवी भाषा धरणाऱ्याला ते कधी दिसतच नाही, कारण तो मजेचा दीड महिना संपला की पुढच्या भाषेत जातो. तुमच्या चारपैकी किती गेममध्ये आवाज आहे?

स्टारड्यू व्हॅली हा गेम एरिक बॅरोनने एकट्याने साडेचार वर्षं बसून केला, 2016 ला आला. सी शार्पचा हात बसावा म्हणूनच त्याने तो सुरू केला होता. म्हणजे तोही शिकायलाच बसला होता, पण एकाच जागी.

खटपट्या

आवाज एकातही नाही. हे मान्य.

पण डेल्टा टाइमचं, म्हणजे दोन फ्रेमच्या मधे गेलेल्या वेळाचं, घ्या. गोडोमध्ये प्रोसेस फंक्शनला डेल्टा हातात आयता मिळतो, सगळे ट्युटोरियलवाले गुणा म्हणतात म्हणून आपण गुणतो. मी तो बग भावाच्या फोनवर डोळ्यांनी बघितला म्हणून मला त्याचं कारण माहीत आहे. हा फरक छोटा नाही ताई.

पिक्सेलवाली

मला पण माहीत आहे, मी कागदावर आकृती काढून समजून घेतला. भाषा बदलावी लागली नाही.

जुना फ्लॅशवाला

मी खटपट्यांच्या बाजूने, पण माझं कारण वेगळं आहे. मी कॉलेजात असताना फ्लॅशवर, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या त्या जुन्या साधनावर, गेम करायचो, अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ही त्याची भाषा म्हणजे मातृभाषा झाली होती. स्टेजवर चित्र काढायचं, त्यालाच कोड चिकटवायचा, इतकं सुख नंतर कुठे मिळालं नाही. मी म्हणायचो दुसरं काही शिकायची गरज काय. 31 डिसेंबर 2020 ला अ‍ॅडोबीने फ्लॅश प्लेयरचा सपोर्ट बंद केला. त्याच्या कितीतरी आधीपासून दिसत होतं पण मी हललो नाही, आणि मग चाळिशीत परत पहिलीपासून बसावं लागलं. त्या वयात एखादी नवी भाषा अवघड नसते हो, अवघड असतं ते सवय मोडणं. ज्याला तीन भाषांची सवय आहे त्याला चौथी जड जात नाही.

युनिटी या गेम इंजिनचं पण आठवा. 2023 च्या सप्टेंबरमध्ये इन्स्टॉलमागे पैसे घेऊ असं जाहीर केलं, केवढा गदारोळ झाला, वर्षभराने मागे घेतलं. पण त्या वर्षभरात कितीजण गोडो शिकायला पळाले. एकाच घरावर सगळा संसार ठेवू नये असं माझं म्हणणं.

पिक्सेलवाली

काका, तुमचं दुःख समजतं. पण बघा, व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही हा गेम 2010 मध्ये फ्लॅशवरच आला होता, पुढच्याच वर्षी सी प्लस प्लसमध्ये गेला, आजही चालतो. वाचला कशामुळे, तर पूर्ण झालेला होता आणि लोकांना हवा होता म्हणून. आणि 2020 ला त्याचा सोर्स कोड खुला केला तेव्हा आत काय निघालं, एक भलंमोठं लांबच लांब स्विच स्टेटमेंट (अमुक असेल तर हे कर, तमुक असेल तर ते, अशी यादी). लोकांना धक्का बसला. खेळणाऱ्याला त्याचा कधी त्रास झाला नाही. गरज पडेल तेव्हा नवी भाषा शिकाच की, मी कुठे नाही म्हणते. गरज नसताना शिकू नका.

लुआप्रेमी_कोल्हापूर

लुआचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही. 2024 चा बालाट्रो हा पत्त्यांचा गेम लुआमध्येच आहे, लव्ह नावाच्या गेम करायच्या फ्रेमवर्कवर. ब्राझीलमधल्या विद्यापीठात 1993 ला जन्मलेली इवलीशी भाषा, नावाचा अर्थ चंद्र. एका आठवड्यात सगळी डोक्यात मावते, हे तिचं सगळ्यात मोठं देणं.

सेलेस्ट या गेमचं उदाहरण तर दोन्ही बाजूंना लागू पडतं बघा. आधी पिको-8 वर (छोट्या गेमांसाठी मुद्दाम मर्यादा घातलेलं साधन) चार दिवसांत छोटा गेम केला, 128 बाय 128 चा पडदा, 16 रंग, भाषा लुआ. मोठा गेम 2018 ला आला तो सी शार्पमध्ये. लहान जागेत कल्पना तपासली आणि मोठ्या जागेत नेली. मी पण नवीन काही सुचलं की आधी पिको-8 वर करून बघतो, तिथे करमलं नाही तर मोठ्या इंजिनातही करमत नाही हा माझा अनुभव.

बाई_सातारा

मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते, सातवी-आठवीच्या काही मुलांना शनिवारी गेम करायला शिकवते, त्यामुळे माझं मत मुलांवरून आहे, मोठ्यांना लागू पडेलच असं नाही. पहिली भाषा पक्की व्हायच्या आत दुसरी दिली की मुलं गोंधळतात. स्क्रॅचवरून (ठोकळे जोडून कोड करायची मुलांची भाषा) पायथनवर आणलं तेव्हा माझ्या वर्गातली दोन हुशार मुलं गळली, कारण लॉजिक त्यांना येत होतं पण इफ, व्हाइल, रिटर्न हे शब्दच परके. स्पेलिंग चुकलं की लाल अक्षरं, आणि लाल अक्षरांची भीती त्यांना आधीच आहे, वह्यांमधून.

मग मला कळलं की पायथन 3 मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. संख्या, दान, सोंगटी असं सरळ लिहिता येतं. इफ आणि व्हाइल इंग्रजीच राहतात, पण ते मोजके शब्द, पाठ होतात. एक मुलगी परत आली. तिने सापशिडी केली, सापाच्या व्हेरिएबलला नागोबा नाव दिलं. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

तर माझं मत पिक्सेलवाली ताईंकडे झुकतं, निदान पहिली दोन वर्षं तरी.

लिपीवेडा

बाईंनी देवनागरीचा विषय काढलाच आहे तर ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त रात्री घालवल्या ते सांगतो. तुम्ही भाषेवर भांडताय, पण मराठीत गेम करणाऱ्याने आधी एकच गोष्ट तपासावी, पडद्यावर "किल्ला" असं लिहून बघा. वेलांटी क च्या आधी पडते का नंतर? ल ला ल नीट जोडला जातो की मधे पाय मोडलेला दिसतो? मी माझा शब्दकोड्याचा गेम लव्हच्या 11 व्या आवृत्तीत अर्धा केला आणि तिथे अडकलो, ते अक्षरं एकापुढे एक ठेवत जातं, जोडत नाही. गोडो 3 मध्ये पण तेच. गोडो 4 मध्ये नीट येतं, फक्त नोटो सॅन्ससारखा देवनागरी फॉन्ट आपण घालावा. ब्राउझर तर हे काम आधीपासूनच करतो, म्हणून जावास्क्रिप्टवाल्यांना हा त्रास कधी कळतच नाही.

आणि एवढ्यावर संपत नाही. पायथनला "क्षत्रिय" ची लांबी विचारा, 8 सांगतो. आपल्या दृष्टीने अक्षरं तीन: क्ष, त्रि, य. शब्दकोड्यात चौकोन किती काढायचे मग? संवाद एकेक अक्षर टाइप होत येतात ना, तो इफेक्ट लावला की आधी क, मग पाय मोडका क, मग एकदम क्ष, असं धडपडत येतं. मला अक्षरं तोडणारं फंक्शन स्वतः लिहावं लागलं, तेही तीन भाषांत. एकीत अडकलो म्हणून दुसरीत गेलो, दुसरीत कळलं म्हणून तिसरीत बरोबर झालं. तेव्हा ताई, गरज नसताना शिकू नका हे ठीक, पण आपल्या लिपीत काम करायचं तर गरज लवकर पडते.

पिक्सेलवाली

हे मला खरंच माहीत नव्हतं. माझा गेम इंग्रजीत आहे. आणि आता वाटतंय की तो इंग्रजीत का केला याचं खरं कारण हेच होतं का, मराठी करून बघितलं होतं, वेड्यावाकड्या वेलांट्या दिसल्या आणि मी सोडून दिलं, गोडो 3 होतं तेव्हा. ते तुमचं फंक्शन कुठे टाकलंय का? मला हवंय.

लिपीवेडा

साफ करून टाकतो. जीडीस्क्रिप्टचं आहे, गोडोच्याच भाषेतलं.

गंजलेला_खिळा

रस्ट या भाषेबद्दल कोणी बोललं नाही. मी वर्षभर रस्ट आणि तिच्यातल्या बेव्ही या गेम इंजिनवर काढलं. भाषा उत्तम, चुका चालायच्या आधीच पकडते, पण बेव्हीची नवी आवृत्ती आली की जुना कोड दुरुस्त करत बसायचं, आणि रविवार एकच असतो. गेम करायचा असेल तर सध्या नको, भाषा शिकायची असेल तर जरूर. हे दोन वेगळे छंद आहेत आणि आपण दोन्हीला एकच नाव देतोय असं मला हा धागा वाचून वाटलं.

खटपट्या

खिळेराव, दोन वेगळे छंद हे मला मान्य नाही, माझ्या हातात ते कायम एकच राहिलेत. पण पिक्सेलवाली ताईंचा आवाजाचा प्रश्न लागला मला. चार पट आहेत आणि एकातही कवड्यांचा खळखळाट नाही, आणि कवड्या वाजल्याशिवाय तो चल्लस आठ कसला. तर जावास्क्रिप्टवालाच पुढे नेतो, आवाज, सेव्ह, आणि आत्याच्या फोनवर बटणं नीट दिसणं, एवढं होईपर्यंत नवीन काही धरत नाही. त्यानंतर मात्र पिको-8 करणार, 16 रंगांत पट कसा दिसतो ते बघायचंच आहे.

बाई, तुमच्या त्या मुलीला सापशिडीनंतर काय करू विचारेल तर 25 घरांची यादी द्या, गणित नको.

बाई_सातारा

देते. पण तुमच्या गेममध्ये एक चूक आहे, आमच्याकडे दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत जाता येत नाही, बाहेरच फिरत राहावं लागतं. यादी केलीत तर हे कसं बसवणार? आणि आम्ही कवड्या नाही, फोडलेले चिंचोके वापरायचो, ते काही निम्मे निम्मे पडत नाहीत.

खटपट्या

अरे हो की, बाहेर फिरत राहायचं असेल तर यादी 16 वर परत पहिल्यावर यायला हवी. म्हणजे दोन याद्या, आणि मारलं की एकीवरून दुसरीवर उडी. चिंचोक्यांचं मात्र मोजावं लागेल. मुलांकडून शंभर वेळा टाकून घ्याल का बाई? जे आकडे येतील ते तसेच गेममध्ये घालतो.