सत्तर-ऐंशीची दशके उमेदीची होती की उदास? जुन्या कॉमिक्सच्या वाचकांना एक प्रश्न

तापीकाठ (जळगाव)

जुनी कॉमिक्स जमवणाऱ्या आम्हा काही मंडळींत बरेच दिवस एक वाद चालू आहे. आमच्यातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की १९७० आणि १९८० ही दशके मनाने उमेदीची होती, आणि त्याचा पुरावा म्हणून ते इंद्रजाल कॉमिक्सचे अंक पुढे ठेवतात: मुखवटाधारी वेताळ (म्हणजे इंग्रजीतला ‘फँटम’) वेळेवर पोहोचतो, जादूगार मॅन्ड्रेकपुढे खलनायकाचे काही चालत नाही, शेवटच्या पानावर सगळे ठीक होते. तरुण मंडळींना हे मुळीच पटत नाही. ज्या वर्षांत महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ सोसला, १९७४ च्या मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला आणि पुढच्याच वर्षी आणीबाणी आली, त्या वर्षांना उमेदीची म्हणणे म्हणजे स्वतःच्या बालपणाचा आनंद साऱ्या समाजाच्या नावावर मांडणे होय, असे ते म्हणतात.

मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते, पण निर्णय करता येत नाही. एखाद्या काळाची मनःस्थिती कॉमिक्सवरून ओळखता येते का, आणि येत असेल तर नेमक्या कोणत्या कॉमिक्सवरून, हे जाणकारांनी सांगावे.

जंक्शन (भुसावळ)

ओळखता येते, पण वेताळवरून नाही. ली फॉक यांनी मॅन्ड्रेक १९३४ मध्ये आणि वेताळ १९३६ मध्ये अमेरिकेतल्या वृत्तपत्रांसाठी निर्माण केला. मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू झाले, तेव्हा त्यातल्या कथा परदेशात आधीच छापून झालेल्या होत्या. इथल्या वाचकाला खटकू नये म्हणून वेताळच्या ‘बंगाला’ या काल्पनिक देशाचे डेंकाली झाले आणि त्याच्या शत्रूंचे, सिंग चाच्यांचे, सिंगा झाले, एवढा फेरफार सोडला तर त्या कथांत आपल्या देशाचे काहीच नव्हते. माझे वडील रेल्वेत होते. संपाच्या दिवसांत घरात पैशांची मोठी ओढाताण होती आणि त्याच दिवसांत मी वेताळ वाचत होतो. त्या पानांवरचा दिलासा मला मिळाला हे खरे, पण तो भुसावळच्या १९७४ ने निर्माण केलेला नव्हता.

अमेरिकेच्या बाबतीतही सावधपणे बोलावे लागते. तिथल्या प्रकाशकांनी १९५४ मध्ये, भयकथा आणि गुन्हेकथांच्या अंकांविरुद्ध मोठी ओरड झाल्यावर, स्वतःसाठी एक आचारसंहिता केली. प्रत्येक कथेत सत्प्रवृत्तीचा विजय झाला पाहिजे, गुन्हेगाराला शिक्षा मिळाली पाहिजे, पोलीस आणि न्यायाधीश यांच्याविषयी अनादर वाटेल असे काही दाखवता कामा नये, असे तिचे नियम होते, आणि तिचा शिक्का नसलेले अंक वितरक सहसा घेत नसत. (वेताळ ही वृत्तपत्रातली मालिका असल्यामुळे तिला ही संहिता लागू नव्हती.) त्यामुळे त्या वर्षांतले प्रसन्न अंक पाहून त्या वेळचे लोकही प्रसन्न होते असे म्हणणारा माणूस नियमालाच मनःस्थिती समजतो.

आपल्या काळाचा पुरावा हवा असेल, तर तो बहादूरमध्ये शोधावा. आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला हा भगवा कुडता आणि जीन्स घालणारा नायक १९७६ मध्ये, म्हणजे आणीबाणी चालू असतानाच इंद्रजालमध्ये आला. तो दरोडेखोराचा मुलगा आहे आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून त्याचा बाप मारला गेला, त्याच अधिकाऱ्याने त्याला वाढवले आहे. चंबळच्या दरोडेखोरांनी जयप्रकाश नारायण यांच्यापुढे शस्त्रे ठेवली ती एप्रिल १९७२ मध्ये, ही आठवण तेव्हा ताजी होती. सूडासाठी निघालेला मुलगा सूड सोडून देतो आणि गावकऱ्यांचे सुरक्षा दल उभारतो, ही कल्पना सुखात असलेल्या समाजाला सुचत नाही. इथली उमेद खरी आहे, कारण तिच्या पाठीशी खरी भीती आहे.

पांझरेकाठची (धुळे)

जंक्शन दादांचे विवेचन पटले, पण ‘आपला काळ’ म्हणताना तो नेमका कोणाचा, हेही विचारले पाहिजे. शिंदखेड्याकडच्या आमच्या कोरडवाहू गावात १९७२ साली मोठी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडत होती, मुलांना सुकडी मिळत होती आणि घरात अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीच्या भाकरी होत होत्या. कॉमिक्स विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. धुळ्याला मामाच्या घरी गेले की मामेभावासाठी आणलेले अंक त्याचे वाचून झाल्यावर माझ्या हाती येत. म्हणजे एकाच घरात आईसाठी ती वर्षे अत्यंत कठीण होती आणि माझ्यासाठी ती वाचनाच्या आनंदाची होती. या दोन अनुभवांची सरासरी काढून दशकाला एक रंग देता येईल, असे मला वाटत नाही.

दुसरे असे की मुलींना त्या पानांवर स्वतःसाठी काय दिसत होते? अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या अमर चित्र कथेत झाशीची राणी होती, मीराबाई होती. त्या मला अतिशय आवडत, आजही आवडतात, पण त्या सगळ्या होऊन गेलेल्या काळातल्या होत्या. वर्तमानात वावरणारी, नायकाच्या बरोबरीने मोहिमेवर जाणारी मुलगी मला प्रथम भेटली ती बहादूरची बेला. वेताळची प्रेयसी डायना पामर संयुक्त राष्ट्रांत नोकरी करते, याचेही मला फार अप्रूप होते. उमेद मोजायची असेल, तर अशा जागी मोजावी.

सातपुडा (शहादा)

मी पुढच्या पिढीचा, त्यामुळे माझे वाचन बहुतेक हिंदीतले. आमच्याकडे गुजरात आणि मध्य प्रदेश दोन्ही जवळ असल्याने हिंदी अंक सहज येत आणि बसस्थानकाजवळच्या दुकानात ते भाड्यानेही मिळत. दादांनी बहादूरच्या जन्मकथेचा उल्लेख केला, म्हणून एक गोष्ट मांडतो. राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुव १९८७ मध्ये आला. त्याचे आईवडील सर्कशीतले. सर्कस जळाल्यावर त्याला पोलीस अधिकारी राजन मेहरा यांनी वाढवले. त्याच्याकडे अमानवी शक्ती नाही, तो विज्ञान आणि बुद्धी वापरतो आणि स्वतःची कमांडो फोर्स उभारतो. पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी त्याच प्रकाशनाचा डोगा आला. तो कचऱ्याच्या ढिगात सापडलेला मुलगा, आणि त्याला उचलून वाढवणारा हलकान सिंग हा स्वतः दरोडेखोर. डोगा मुंबईत कुत्र्याचा मुखवटा घालून, बंदूक घेऊन फिरतो आणि गुन्हेगाराला न्यायालयापर्यंत पोहोचूच देत नाही.

बहादूर आणि ध्रुव पोलिसाच्या घरात वाढले, डोगा दरोडेखोराच्या तावडीत वाढला. जुना काळ उमेदीचा की उदास यापेक्षा मला हा बदल अधिक महत्त्वाचा वाटतो: अनाथ मुलाला सांभाळणारी एखादी विश्वासू व्यवस्था आहे, असे लेखकाला आणि वाचकाला वाटत होते की नव्हते? विशेष म्हणजे डोगा आला तो काळ सर्वसाधारणपणे आशेचा मानला जातो. नवे आर्थिक धोरण आले होते, घरोघरी केबल पोहोचत होती. परंतु मुंबईने १९९२-९३ च्या दंगली आणि मार्च १९९३ चे बॉम्बस्फोटही त्याच वर्षांत पाहिले.

जंक्शन (भुसावळ)

सातपुडा भाऊ, ही तुलना मला सुचली नव्हती आणि ती फार मोलाची आहे. एकच शंका मांडतो. अमेरिकेत १९८६ मध्ये फ्रँक मिलर यांचा वृद्ध, कठोर बॅटमॅन आणि अ‍ॅलन मूर व डेव्ह गिबन्स यांची ‘वॉचमेन’ ही मालिका आली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे तिथल्या नायकांना निर्दय करण्याची लाट उसळली. मूळच्या दोन कृतींमागे अण्वस्त्रांच्या भीतीचा काळ होता; मागून आलेल्यांपैकी पुष्कळांनी केवळ रीत उचलली. डोगातला काळोख मुंबईचा किती आणि त्या लाटेचा किती, हे वेगळे केल्याशिवाय त्यालाही काळाचा निखळ पुरावा मानता येणार नाही.

तापीकाठ (जळगाव)

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. वेताळला या वादातून बाहेर काढून बहादूरकडे वळावे, हे मला पूर्णपणे पटले. आता माझ्यापुढे एक नेमके काम आहे. आणीबाणी मार्च १९७७ मध्ये उठली. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या बहादूरच्या अंकांत पोलिसांचे चित्रण तसेच राहिले की बदलले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहायचे आहे, आणि ताईंनी सुचवल्याप्रमाणे बेलाच्या वाट्याला किती प्रसंग आले हेही पाहायचे आहे. माझ्याकडे १९८० नंतरचे, इंद्रजाल १९९० मध्ये बंद होईपर्यंतचे काही मराठी अंक आहेत. त्याआधीचे जवळजवळ नाहीत. खानदेशात कोणाकडे १९७६ ते १९७९ या काळातले बहादूरचे मराठी अंक असतील, तर मुखपृष्ठ आणि आतली पाने यांची छायाचित्रे इथे द्यावीत. अंक फाटका असला तरी चालेल, मात्र अंकाचा क्रमांक आणि दिनांक वाचता आला पाहिजे.