आय-१४० ला प्रीमियम भरून नक्की काय मिळतं?

रात्रपाळी_सिस्टर
आय-१४० म्हणजे आपल्या ग्रीनकार्डासाठी अमेरिकेतला एम्प्लॉयर किंवा एजन्सी भरते ती पिटिशन, आणि प्रीमियम म्हणजे तिचा निकाल लवकर लागावा म्हणून भरायची जादा फी. काल एका नर्स मुलीची पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. 'पिटिशन नेब्रास्काच्या इमिग्रेशन ऑफिसला आठ महिने पडून आहे. एजंट म्हणतो प्रीमियम भरा, पंधरा दिवसांत अप्रूव्हल, वर्षभरात अमेरिका. पतसंस्थेचं कर्ज काढतेय, बरोबर ना?' खाली रांगेनं 'अभिनंदन ताई'. कसलं अभिनंदन?

पंधरा कामाच्या दिवसांत पिटिशनवर उत्तर येतं, व्हिसा नाही. आपल्याला नर्स म्हणून शेड्यूल ए (तुटवडा आधीच मान्य असलेल्या कामांची यादी) मुळे लेबर सर्टिफिकेशन, म्हणजे 'अमेरिकेत माणूस मिळत नाही' हा दाखला, लागत नाही, त्यामुळे पिटिशन जमा झाली तीच प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख. अप्रूव्हल उद्या येवो नाहीतर पुढच्या दिवाळीला, नंबर तोच. कोणत्या तारखेपर्यंत नंबर लागला ते सांगणारं व्हिसा बुलेटिन उघडा, ईबी-३ इंडिया, म्हणजे आपली रांग, २०१३ च्या आसपास रखडलीय. मी तेव्हा जीएनएम नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. नंतर २०१५ च्या सिंहस्थात तपोवनात ड्युटी केली, आता पुढचा सिंहस्थ आला. वर्षाला १,४०,००० ग्रीनकार्डं, नवरा-पोरंही त्यातच मोजायची, आणि एका देशाला सात टक्के. करा हिशोब.

मी २०२१ ला फाइल केली, तेव्हा प्रीमियमचे २,५०० डॉलर होते, भरले. अप्रूव्हलचा मेल आला त्या दिवशी पेढे वाटले. सासूबाईंनी माळ्यावरची मोठी बॅग काढून धुतली, गच्चीत वाळवली. आज त्या बॅगेत गोधड्या आहेत. २०२४ ला फी २,८०५ झाली, म्हणजे जवळपास अडीच लाख. तेवढ्यात मुलीची दोन वर्षांची फी निघाली असती.

सिडकोचा_बंड्या
स्वतः भरला, पेढे खाल्ले, आता दुसऱ्यांना उपदेश. चालू द्या.

ओटी_सिस्टर
ताई, अर्धं सांगितलंत. माझी एजन्सी पिटिशन पेंडिंग असतानाच गाशा गुंडाळून गेली. पिटिशन मागे घेतली आणि माझी २०१९ ची तारीख गेली. एकदा अप्रूव्ह झाली असती तर पुढे दुसरा एम्प्लॉयर धरला तरी ती तारीख माझीच राहिली असती. प्रीमियमचे पैसे वाचवले आणि दोन वर्षं घालवली. तुम्ही पेढे तरी खाल्लेत.

मखमलाबाद_नाका
बायकोचं काम झालं. कारण रांग ठरवताना पासपोर्ट बघत नाहीत, जन्म कुठे झाला ते बघतात, आणि नवऱ्याचं जन्मस्थानही चालतं. माझा जन्म मस्कतचा, वडील तिकडे कामाला होते. तिला ओमानच्या रांगेत टाकलं. तिथेही थांबावं लागतं, पण सिंहस्थ मोजत नाही बसावं लागत.

सिडकोचा_बंड्या
म्हणजे आता पत्रिकेत मंगळ नाही, मस्कत बघायचं 😀

गोदाकाठ
हे सगळं ठीक आहे. पण माझी आई मागच्या महिन्यात ॲडमिट होती. अख्ख्या वॉर्डाला रात्री दोन सिस्टर. सलाईन संपलं तर मी धावतोय. इथं माणसं मिळेना आणि सगळ्या पोरी पळू राहिल्या. सरकारी कॉलेजात शिकायचं स्वस्तात आणि सेवा गोऱ्यांची.

ओटी_सिस्टर
आलेच. काका, त्या दोघींचा पगार विचारलात का? मी शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये १४ हजारांवर लागले. पहिल्याच दिवशी ओरिजिनल डिग्री, मार्कशीट, रजिस्ट्रेशन सगळं जमा करून घेतलं. सोडताना म्हणाले, तीन महिन्यांचा पगार भरा, मग फाइल मिळेल. वडिलांनी द्राक्षाच्या पैशातून भरले. फाइल हातात आली तर एका मार्कशीटवर चहाच्या कपाचा गोल डाग. पळू नको तर काय करू?

गोदाकाठ
सगळी हॉस्पिटलं तशी नसतात. कॉलेजातली नाती जोडून ठेवली की अडचण येत नाही.

ओटी_सिस्टर
नाती? आरोग्य विद्यापीठात जाऊन बघा एकदा, म्हसरूळला. कुठून कुठून पोरी परदेशी लागणाऱ्या ट्रान्सक्रिप्टसाठी येतात, रात्रभर एसटीत बसून. आपण रिक्षानं जातो तरी कुरकुरतो. आणि ओरिजिनल दुसऱ्याच्या कपाटात असेल तर झेरॉक्सवर काय शिक्का घेणार?

पंचवटीकर
माझ्या बहिणीचेही ओरिजिनल अडकले होते. वकिलाची साधी नोटीस गेली, चौथ्या दिवशी फाइल दारात. या पोरी घाबरतात आणि पैसे भरून मोकळ्या होतात, म्हणून हे सोकावतात.

ओटी_सिस्टर
'या पोरी'. बावीस वर्षांची होते हो मी. एनओसी दिली नाही तर पुढे कुठं दार उघडणार नाही, असं मेट्रननं तोंडावर सांगितलं होतं. तुमचा वकील होता, माझे बाबा पिंपळगावच्या मार्केटला होते.

गोदाकाठ
बरं, ओरिजिनल ठेवणं चूकच. तेवढं मान्य. पण आईच्या सलाईनचं काय, ते कोणीच सांगेना.

सिडकोचा_बंड्या
काका, त्याला पण प्रीमियम भरा.

रात्रपाळी_सिस्टर
धागा पिटिशनचा होता, आठवतंय ना कोणाला? ओटी सिस्टर, तारखेचा मुद्दा तुमचा. एजन्सी डळमळीत असेल तर भरावा, हो, मानलं. पण दुसरी बाजू कोणीच काढली नाही. पिटिशन जेवढे दिवस पेंडिंग, तेवढे पुढे मुलांच्या वयातून वजा होतात. एकवीस ओलांडलं की मूल फाइलमधून बाहेर. माझी मुलगी फाइल केली तेव्हा सहा वर्षांची होती. रांग या गतीनं सरकली तर एकेक दिवस कामी येणार आहे, आणि आठ-दहा महिन्यांची वजाबाकी मी स्वतः पैसे मोजून पंधरा दिवसांवर आणली. हे मला एजंटनं सांगितलं नाही.

मखमलाबाद_नाका
हे मलाही माहीत नव्हतं.

पोस्टवाली
मीच ती. कर्ज काल मंजूर झालं, चेक उद्या मिळेल. नवऱ्याचा जन्म त्र्यंबकचा. मुलगा नऊचा. एजन्सी तीन वर्षांची आहे, ऑफिस एकदा बदललंय. भरू की नको, एवढंच सांगा, प्लीज.

सिडकोचा_बंड्या
आधी ऑफिस का बदललं ते विचारा.

ओटी_सिस्टर
तीन वर्षांची एजन्सी? भर.

रात्रपाळी_सिस्टर
मुलगा नऊचा आहे, थांब. चेक उचलू नकोस अजून. पिटिशन कोणी मागे घ्यायची आणि कधी, ते ॲग्रीमेंटमध्ये कुठंतरी असेल. त्या पानाचा फोटो टाक, नावं झाकून. सात वाजता हँडओव्हर देऊन निघते, घरी गेले की वाचते.