प्रार्थनास्थळावर हल्ला झाल्यास नोंद कशी ठेवावी?

प्रश्न : अल्पसंख्याक समाजाच्या प्रार्थनास्थळाची नासधूस झाली, तर पहिल्या काही तासांत काय करावं? आणि स्थानिक यंत्रणेने दाद दिली नाही तर पुढे कुठे जाता येतं?

मुक्ता : साफसफाईची घाई नको. आधी लांबून पूर्ण वास्तूचा फोटो, मग प्रत्येक नुकसानीचा जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या फोटोतून वेळ-ठिकाणाची माहिती गळून जाते आणि पुरावा लंगडा पडतो. साक्षीदारांचे जबाब वेगवेगळे बसवून घ्या. एकत्र बसले की आठवणी एकमेकांत मिसळतात. भिंतीवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवा, कितीही घाणेरडा असला तरी. हेतू त्यातूनच सिद्ध होतो.

सदानंद : संयुक्त राष्ट्रांच्या धर्मस्वातंत्र्यविषयक विशेष प्रतिवेदकाकडे (या विषयासाठी नेमलेला स्वतंत्र तज्ज्ञ) थेट लिहिता येतं, देशातले उपाय संपेपर्यंत थांबावं लागत नाही. पीडितांची संमती मात्र आधी घ्या. संयुक्त राष्ट्रांच्याच मानवाधिकार समितीकडे, म्हणजे नागरी व राजकीय हक्कांच्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीकडे, जायचं तर देशातले उपाय संपलेले हवेत, शिवाय त्या देशाने ऐच्छिक प्रोटोकॉल (व्यक्तींना तक्रार करू देणारा त्या कराराचा जोडकरार) स्वीकारलेला हवा. बरेच अर्ज इथेच अडतात.

रेहाना : हल्ल्यानंतर सरकारनेच प्रार्थनेवर बंदी घातली आणि कारण ‘राष्ट्रीय सुरक्षा’ सांगितलं असेल तर नीट वाचा. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारातल्या कलम १८(३) मध्ये ते कारणच नाही! सार्वजनिक सुरक्षितता, सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता, इतरांचे मूलभूत हक्क, एवढंच. तेही कायद्याने ठरवलेलं आणि खरोखर गरजेचं असेल तरच.